घरातून निघालेली गवरी

गवऱ्यांच्या उडव्याची जागा रिकामी झाली आहे. भिंतीच्या कडंला जिथं कौसा गवऱ्या रचायची, तिथं आता जमिनीवर एक काळपट गोल तेवढा उरलाय. कोंबड्या येऊन तिथं पायानं उकरतात. मी रोज सकाळी उठून तिथं जाऊन उभा राहतो. काम काही नसतं. सून आतून म्हणते, "मामा, चहा गार होऊन राह्यला." मी म्हणतो, होऊ दे.

कौसा माझी बायको. गेल्या थंडीत गेली.

वाळल्या शेणाला वास नसतो असं शहरातली माणसं म्हणतात. त्यांनी कधी नाक लावलं न्हाई. गवरीला तुरीच्या भुशाचा वास असतो, उन्हाचा असतो, अन् जिनं थापली तिच्या हाताचा असतो. संक्रांत सरली, सकाळचं धुकं पातळ झालं, की कौसा पाटी घेऊन निघायची. पाटलांच्या गुरांच्या मागं मागं. तिच्या पाटीखाली चुंबळ, चुंबळीखाली पदर, पदराखाली तोंडात तंबाखूची चिमूट. घरी येऊन शेणात भुसा कालवायची, पायानं तुडवायची, मंग गोळा हातात फिरवून भिंतीवर मारायची. थप्प. पुन्हा थप्प. तो आवाज सकाळभर चालायचा, अन् मी बाजेवर पडून ऐकायचो. जोरात असला की समजायचं, आज बाई चिडलीय. हळू असला की समजायचं, माहेरची आठवण आलीय.

प्रत्येक गवरीवर तिचा पंजा उठायचा. पाच बोटं. त्यातली करंगळी वाकडी. लहानपणी विहिरीच्या दोरात सापडून मोडलेली, तशीच जुळलेली. गावात कुणाच्याही चुलीपुढं बसलो तर मला बराबर कळायचं, ही आमच्या कौसाची. अर्ध्या गावाला तिच्याच गवऱ्या जायच्या. पाटलांच्या घरी तर सगळ्या. थापायच्या वस्तीतल्या बायांनी, जाळायच्या गावानं. पिढ्या गेल्या यात, कुणाला त्यात काही वावगं दिसलं न्हाई.

आमच्या गावाची एक रीत आहे. कुंभार पिंपळगावच्या बाजूच्या खेड्यांत सगळीकडंच असंल, मला आमची माहीत. गावात मयत झालं की घरटी एक गवरी जाते. घरचा माणूस आपल्या उंबऱ्यातून हातात गवरी घेऊन निघतो अन् सरणावर नेऊन ठेवतो. त्या गवरीला वाटेत खाली ठेवायचं न्हाई. माघारी घरात आणायचं न्हाई. अन् हातात गवरी असलेल्या माणसाला, जन्माचं वैर असलं तरी, अडवायचं न्हाई. कोर्टात भांडणारे भाऊ मी एकमेकांच्या घरच्या मयताला गवरी घेऊन जाताना पाह्यलेत. बोलत न्हाईत, पण गवरी ठेवतात.

फक्त ही रीत गावाची गावाला होती. आमच्या वस्तीत मयत झालं तर गावातून गवरी येत नव्हती. आमची माणसं आमच्याच गवऱ्यांवर, नदीच्या वळणातल्या वाळूत. आधी पुरायचे. बौद्ध झाल्यापासून जाळू लागलो.

माझी माय श्रावणात गेली. नवीन लग्न झालेलं माझं. कौसाच्या हातावरची हळद गेली होती पण बांगड्यांचा नवेपणा गेला नव्हता. नदी अशी भरलेली की वळणातली वाळू कुठं अन् पाणी कुठं, समजंना. आमची जागा पाण्याखाली. गावाची जागा वरल्या अंगाला, उंचवट्यावर, नुकतीच पत्रे टाकून झालेली. पाऊस थांबंना. छपरातून मायच्या पायाशी गळत होतं, कौसानं तिथं भगुलं ठेवलं होतं. भगुल्यात थेंब पडायचा टप्प, अन् आत बायांचं रडणं. उदबत्त्या सादळल्या होत्या. ओल्या घोंगड्यांचा वास, रॉकेलचा वास, अन् मायच्या डोक्याला लावलेल्या खोबऱ्याच्या तेलाचा. तो वास अजून आला की मी जिथं असंल तिथं थांबतो.

आम्ही मायला घेऊन निघालो तर वडापाशी गाव उभं. पुढं किसनराव, पाटलांचे चुलत भाऊ. हातात काठी.

"नदी उतरू द्या, मंग न्या," ते म्हणले.

माझे चुलते म्हणले, "मालक, मयत हाय. लोणचं न्हाई, झाकून ठेवाया."

"जीभ लई चालायली तुझी."

"पाय चालू देत न्हाई तुम्ही, मंग काय चालवू?"

कुणी हसलं न्हाई. आम्ही मायला खांद्यावर घेऊन तसेच उभे. खाली ठेवावं तर चिखल. तेवढ्यात तालुक्याकडून जीप आली, काचांपर्यंत लाल पाणी उडालेली. तात्या उतरले.

तात्या म्हणजे गावचे पाटील, अन् तेव्हा पंचायत समितीचे सभापती. उंच माणूस. कमी बोलणारा. पांढरा फेटा, त्याचं एक टोक मागं पाठीवर. जिल्ह्याच्या पुढाऱ्यांत त्यांचं नाव घ्यायचे, पुढं आमदार होतील म्हणायचे. दोन्हीकडची माणसं त्यांच्याकडं बघू लागली. किसनराव म्हणले, "बरं झालं आलास. समजाव यांना."

अन् कौसा बोलली.

नवी सून. डोक्यावरचा पदर भिजून कपाळाला चिकटलेला. बायांच्या घोळक्यातून पुढं आली अन् सरळ तात्यांकडं बघून म्हणली, "तात्या, तुमच्या घरच्या गवऱ्या मी थापते. तुमच्या आई या उन्हाळ्यात गेल्या तव्हा सरणाला त्याच लागल्या. माझा पंजा तुमच्या मायच्या उरावर चालला. मंग माझ्या सासूला तिथं जागा का चालंना?"

मला वाटलं आता काठी पडती. मी तिच्या पुढं व्हायला गेलो तर तिनं मला कोपरानं मागं सारलं.

तात्यांनी तिच्या हाताकडं बघितलं. मंग वळले अन् सरळ आपल्या घराकडं निघून गेले. आमच्यातला एक जण हळूच म्हणला, "गेले बघ." मीबी तेच समजलो. पुढारी माणूस, कुठं अडकंल. किसनरावांनी मिशीवरून हात फिरवला.

थोड्या वेळानं पाटलांचं दार वाजलं. तात्या बाहेर आले. डोक्यावर फेटा नव्हता.

हे समजून घ्या. आमच्याकडं पाटील बापाच्या मरणाला फेटा काढतो, एरवी न्हाई. त्यांचं उघडं डोकं आम्ही वस्तीतल्यांनी कुणी पाह्यलेलं नव्हतं. जिथं फेटा बसायचा तिथवर कपाळ गोरं, खाली उन्हानं रापलेलं, मधी रेघ मारल्यासारखी. केसांतून पाणी गळत होतं. अन् छातीशी दोन्ही हातांनी काहीतरी धरलेलं, फेट्यात गुंडाळलेलं. जवळ आले तेव्हा दिसलं. गवरी. भिजू नये म्हणून तिला फेटा बांधला होता, अन् स्वतः उघडे आले होते.

किसनराव ओरडले, "तात्या, टाक ती गवरी."

तात्या म्हणले, "कुठं टाकू? घरातून निघालीय."

एवढंच. आवाज चढवला न्हाई, भाषण न्हाई. चालत राह्यले. त्यांच्यापुढं सगळं गाव उभं होतं, काठ्या घेऊन, अन् तात्यांच्या हातात एक गवरी. मी आजही डोळे मिटले की बघतो. कुणी सरा म्हणलं न्हाई तरी माणसं सरली. मनानं सरली न्हाईत ती. पाय सरले. जन्मभर त्या रीतीनं चाललेले पाय, गवरी दिसली की बाजूला होणारे. एकटे किसनराव हलले न्हाईत. तात्या त्यांच्या खांद्याला खांदा घासून पुढं गेले, अन् त्यांच्या मागं आम्ही. माझ्या मायला घेऊन, वडाखालून, गावातल्या रस्त्यानं.

पत्र्याखाली पावसाचा आवाज एवढा की वंदना म्हणलेली ऐकू येत नव्हती, नुसते ओठ हलताना दिसत होते. तात्यांनी फेटा सोडला अन् गवरी मायच्या उरावर ठेवली. कोरडी ठणठणीत. वर पंजा उठलेला, करंगळी वाकडी. कौसा बाजूलाच होती. तिनं बघितलं अन् तोंड फिरवलं. दिवसभर रडली नव्हती, तेव्हा रडली. जाळ धरेपर्यंत तात्या तिथंच उभे राह्यले. नंतर फेटा पिळला, खांद्यावर टाकला अन् उघड्या डोक्यानं घरी गेले.

मी चार बुकं शिकलेला माणूस. हिंमत हा शब्द मी लढाईच्या गोष्टींत ऐकलेला. दिसायला कशी असती ते त्या दिवशी बघितलं. एका पाटलाच्या उघड्या टाळूवरून पाणी गळत होतं, तशी असती.

त्याच्या मागं तात्यांचं काय काय झालं ते सांगत बसत न्हाई. सभापतीची खुर्ची गेली. पुढच्या निवडणुकीत त्यांच्याच भावकीनं त्यांना पाडलं. लेकीची जमलेली सोयरीक मोडली. त्यांच्या ओट्यावर चहाला माणूस येईना. पाटलीणबाई किटलीभर चहा करायच्या अन् संध्याकाळी गुरांपुढं ओतायच्या. आमदारकीचं नाव मंग कुणी काढलं न्हाई. मला आठवतो तो ओटा. शेणानं सारवलेला, स्वच्छ, रिकामा, अन् एका टोकाला तात्या पेपर वाचत बसलेले, फेटा सरळ.

एकदा पिंपळगावच्या बाजारात भेटले. जीप तर कधीच गेलेली, एसटीची वाट बघत उभे होते. हातातल्या पिशवीत मेथीच्या जुड्या. बाजार उठत आलेला, सगळीकडं चिरडलेल्या भाजीचा अन् भज्यांच्या तेलाचा वास. मला राहवलं न्हाई. जवळ गेलो.

"तात्या, आमच्यापायी तुमचं सगळं गेलं."

त्यांनी मला खालून वरपर्यंत बघितलं. "तुझ्यापायी? लई मोठा माणूस झालास की रे तू."

"तसं न्हाई, तात्या..."

"मतं गेली. जाऊ दे. मतं गेली म्हणून गवरी माघारी आली का?" एसटी आली. पायरीवर पाय ठेवून मागं वळले. "अन् तुझ्या कौसाला सांग, यंदाच्या गवऱ्या वल्ल्या दिल्या तिनं. पाटलीणबाईच्या डोळ्यांची आग होऊन राह्यली."

घरी येऊन सांगितलं तर कौसा कमरेवर हात ठेवून म्हणली, "वल्ल्या? पाटलीणबाईला फुंकाया येत न्हाई म्हणावं." अन् दुसऱ्या दिवशी सगळ्यात खणखणीत गवऱ्या निवडून पाटी भरून घेऊन गेली. पाटी डोक्यावर, चाल अशी की जणू लेकीच्या घरी चाललीय.

त्यानंतर वस्तीतली माणसं पत्र्याखालीच जाऊ लागली. कुणी ठराव केला न्हाई, बोर्ड लावला न्हाई. पुढच्या मयताला वडापाशी कोणी उभं राह्यलं न्हाई, एवढंच. त्या मयताला तात्या गवरी घेऊन आले. त्याच्या पुढच्याला तात्या अन् सुतार. मंग आणखी कुणी. अशी एकेक गवरी वाढत गेली, अन् पोरांना आता वाटतं, हे असंच असायचं. वाटू द्या. त्यांना असंच वाटावं.

वर्षं गेली. घरात गॅस आला. गुरं कमी झाली. तरी कौसा थापायचीच. "आंघोळीच्या पाण्याला लागत्यात," म्हणायची. खरं म्हणजे तिच्या हाताला चैन पडत नसे. पावसाळ्याआधी उडव्यावर शेणाचा लेप द्यायची अन् त्यावर बोटांनी मोर काढायची. मोर कधीच मोरासारखा झाला न्हाई. मी म्हणायचो, कोंबडी हाय ही. ती म्हणायची, तुमच्यासाठी कोंबडीच.

गेल्या थंडीत ती गेली तेव्हा तात्या थकून गेले होते, उठता येत नव्हतं. तरी आले. नातवाच्या मोटारसायकलीवर मागं बसून, नातवाच्या पाठीला चिकटून, अन् मांडीवर गवरी. त्यांच्या घरच्या उडव्यातली शेवटची. माझ्या हातात न देता स्वतः ठेवली. मी बघितलं, वाकडी करंगळी. तिचाच पंजा तिच्या उरावर. तात्या म्हणले, "हिनं विचारलं म्हणून मला दिसलं रे. न्हाईतर मी तालुक्याला मिटिंगा करत बसलो असतो."

माझ्या उडव्यातल्या उरल्या गवऱ्या मंग मी मोडू देईना. सून म्हणायची, "मामा, गवरीच ती. जाळायलाच असती."

"मला ठाऊक हाय. तरी ठेव."

"मंग पाणी कशावर तापवू?"

"गार पाण्यानं करतो."

पण यंदाच्या पावसानं माझं ऐकलं न्हाई. लेप द्यायला ती नव्हती, मला तसा देता आला न्हाई. उडवा आतून भिजून ढासळला. एकच गवरी धड निघाली. तिच्या लुगड्याच्या फडक्यात बांधून वरच्या फळीवर ठेवली. पोराला सांगितलं, ही माझ्या उरावर. दुसरं काही करू नका, मंत्र-बिंत्र, फोटो-बिटो. ही तेवढी ठेवा. रात्री झोप येईना की फडकं सोडायचो अन् तिच्या पंज्यावर माझा पंजा ठेवायचो. माझा मोठा. तिचा त्यात मावायचा.

मागच्या आठवड्यात तात्या गेले.

गावात गाड्यांची रीघ लागली. जालन्याहून फुलांचे हार आले, माईक आला, वखारीतून ट्रॅक्टरभर लाकूड आलं. ज्यांच्या बापांनी तात्यांना पाडलं ते पांढरे कपडे घालून पुढं. पोरगा माझा बाजारातून गवरी घेऊन आला. गोल, बिस्किटासारखी, प्लास्टिकच्या पुडीतली. मी हातात घेऊन उलटीपालटी केली. कुणाचं बोट न्हाई त्यावर.

"ही कुणाच्या घरातून निघाली?" मी विचारलं.

"दुकानातून, दादा."

मी फळीकडं बघितलं. पोरानं माझ्याकडं बघितलं. "दादा, ती तर तुम्ही तुमच्यासाठी..."

मला त्या फळीपर्यंत जायला लई वेळ लागला. खोटं कशाला बोलू. ती गेली की माझ्यापाशी तिच्या हाताचं काहीच राहत नव्हतं. फोटो आहे, पण फोटोत हात दिसत न्हाईत, पदरात आहेत. फडकं सोडलं. म्हणलं, कौसा, नेऊ का? जित्ती असती तर म्हणली असती, विचारताय काय, उचला की. उचलली. उंबरा ओलांडला.

पत्र्यापाशी दोरी बांधलेली. बिल्ला लावलेल्या पोरानं हात आडवा केला. "बाबा, गवरी-बिवरी नको आता. लाकूड ढीगभर हाय. तिकडं ठेवा बाजूला."

"ठेवता येत न्हाई रे," मी म्हणलो. "खाली ठेवायची नसती."

"मंग घरी घेऊन जा."

मागं गर्दी, पुढं दोरी, हातात ती. तेवढ्यात सावलीतल्या खुर्चीवरून आवाज आला, "कोण हाय?"

किसनराव. डोळ्यांत मोतीबिंदूची पांढरी साय. अंगावर शाल, हातात काठी. आता ती टेकायची.

"मी. कौसाचा नवरा."

"हातात काय?"

"गवरी."

ते उठले. नातू धरायला गेला तर त्याला झटकलं. माझ्यापाशी आले, हात पुढं केला अन् चाचपला. बोटं गवरीवरून फिरली. एक, मंग दुसरं, अन् करंगळीपाशी येऊन थांबली. लई वेळ तिथंच.

"तिचीच," म्हणले. मंग बिल्लेवाल्याकडं तोंड केलं, त्यांना दिसत नव्हतं तरी बराबर त्याच्याकडं. "दोरी सोड. सोड म्हणतो ना. घरातून निघालीय ती."

दोरी सुटली. माईकवर कुणी समता म्हणत होतं, कुणी थोर परंपरा म्हणत होतं. त्यांना म्हणू दे. मी माणसांमधून चालत गेलो, अन् माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मला समजलं, त्या दिवशी तात्यांना त्या गवरीचं वजन किती लागलं असंल. हातभर शेण अन् भुसा. मला ते पेलंना. अन् ते सगळ्या गावापुढून पेलत नेलं होतं त्यांनी, उघड्या डोक्यानं.

उरावर ठेवली. माझी टोपी काढली अन् जाळ धरेपर्यंत तिथंच उभा राह्यलो.

गवरी एकदम पेटत न्हाई. आधी कडेनं धूर धरती, मंग आतून लाल होती. खोलगट बोटं सगळ्यात शेवटी. थोडा वेळ ती पाच बोटं तशीच दिसत होती, लालभडक, थंडीत कौसा चुलीपुढं हात धरायची तशी. मंग जाळानं वर उडी घेतली.

घरी आलो तर सुनेनं पाणी काढून ठेवलं होतं, गॅसवर तापवलेलं. "मामा, आंघोळ करून घ्या."

"करतो," म्हणलो, अन् उडव्याच्या रिकाम्या जागेपाशी जाऊन बसलो. तळहात नाकाशी नेला. तुरीचा भुसा. ऊन. अन् ती.

पाणी गार होऊन गेलं.